मागची बाजू नसलेलं पुस्तक

छापखान्यात नोकरी करते असं सांगितलं की बहरीनमधले आपले लोक आधी लग्नपत्रिकेत सवलत मिळेल का ते विचारायचे आणि मग, "म्हणजे तुम्ही नक्की काय करता?" असं विचारायचे. छापायची नाही मी. छापणारे वेगळे, प्लेट करणारे वेगळे, शिवणारे-कापणारे वेगळे. आलेलं काम या क्षणी कोणाच्या टेबलावर आहे, तिथे का अडलंय आणि कोणाला फोन केला की सुटेल, एवढं मला माहीत असायला हवं होतं. पदाचं नाव प्रॉडक्शन कोऑर्डिनेटर. घरी माझे मिस्टर ‘यादीवाली बाई’ म्हणायचे, आणि त्यात चुकीचं काही नव्हतं. मी आजही बाजाराची यादी करताना आधी जड आणि मग हलकं लिहिते, म्हणजे टोमॅटो पिशवीत वर राहतात.

नव्वदच्या दशकात आमची प्रेस मनामाच्या जुन्या बाजारामागे होती. मालक बहरीनी. सगळे त्यांना अबू युसुफ म्हणत. खाली मशीनवर केरळचे, बंगालचे, पाकिस्तानचे कामगार आणि वर ऑफिसात मी, औरंगाबादची. प्रेसमध्ये आलेल्या गिऱ्हाइकांवर मी वेगळा लेख लिहू शकेन. रिफा शहरातले एक गृहस्थ आपल्या बहिरी ससाण्यासाठी वंशावळीचं प्रमाणपत्र छापून घ्यायला आले होते. सोनेरी किनार, अरबी सुलेखन, सगळं साग्रसंगीत. प्रूफ बघायला येताना पक्ष्यालाही मनगटावर घेऊन आले. पक्ष्याने प्रूफकडे मान वाकडी करून पाहिलं आणि तिथेच शिटला. अबू युसुफ शांतपणे म्हणाले, "अप्रूव्ह्ड."

हे सांगताना मजा येते. पण निवृत्तीनंतर कुणी विचारलं की एवढ्या वर्षांत लक्षात राहिलेलं काम कोणतं, तर मी ससाण्याचं नाव घेत नाही. मी मुकादमांच्या पुस्तकाचं नाव घेते.

आधी थोडं धंद्याविषयी सांगायला हवं. ऑफसेट छपाईत मजकुराचा आधी एक स्वच्छ काळापांढरा नमुना तयार करायचा, त्याचा कॅमेऱ्याने फोटो काढून फिल्म करायची, फिल्मवरून प्लेट आणि प्लेटवरून कागद. मशीनला अक्षर कळत नाही. जे काळं असेल ते उमटतं. आमच्याकडे अरबी आणि इंग्रजी टाइप करणारे लोक होते. मराठी कोणी नव्हतं, पण ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एका फ्लॉपीतून मराठी फाँट मी स्वतः चढवून घेतला होता. कारण दर वर्षी चौदा एप्रिलला आमचे लोक जयंती साजरी करायचे आणि पत्रक हाताने लिहून झेरॉक्स काढलेलं मला बघवत नसे.

त्या पत्रकामुळेच बशीर मुकादम प्रेसमध्ये आले. दापोलीकडच्या खाडीकाठच्या गावचे. हिद्दला जहाजदुरुस्तीच्या यार्डात स्टोअरकीपर. उंच, वाळके, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. पत्रक माझ्यासमोर ठेवून म्हणाले,

"हे मराठी कोणी टाइप केलं?"

"मी. काही चुकलं का?"

"तेच शोधत होतो. सापडलं नाही म्हणून विचारायला आलो."

मग त्यांनी पिशवीतून कविता काढल्या. यार्डातल्या जुन्या स्टॉक कार्डांच्या मागे सुबक देवनागरीत लिहिलेल्या. मी कवितेतली जाणकार नाही. पण वरचंच कार्ड उचललं आणि उभ्या उभ्या वाचलं:

नांगर मोजून घेतात माझ्याकडून,
दोर, साखळ्या, खिळेसुद्धा;
समुद्र मात्र कुणी
मोजून मागत नाही.

मी बसले. दुसरं कार्ड घेतलं. खाली मशीनचा फोरमन माझ्या नावाने ओरडत होता, एका हॉटेलचं मेनूकार्ड अडलं होतं, आणि मी तिसरं कार्ड घेतलं. असं माझ्याकडून आधी कधी झालं नव्हतं.

मुकादमांना पुस्तक काढायचं होतं. शाळा सुटून सुट्टीत घरची मंडळी गावी जाण्याआधी हातात हवं होतं. मी जॉब कार्ड उघडलं. नाव, आकार, कागद, अंदाजे पानं लिहिली. सरळ काम वाटलं.

पुढच्या वेळी ते बायकोला घेऊन आले. जुलेखाबी ठेंगण्या, गोऱ्या, डोक्यावरून पदर. त्यांच्या हातातल्या सुपरमार्केटच्या पिशवीत शाळेच्या वह्या होत्या. मुकादम जरा अवघडून म्हणाले, "नाझियाचा, म्हणजे मुलीचा, हट्ट आहे की हिच्या गोष्टीही पुस्तकात घ्यायच्या."

मी वही उघडली. उजवीकडून डावीकडे धावणारी उर्दू अक्षरं. मी म्हटलं, "उर्दूचं भाषांतर मला जमणार नाही हो."

"उर्दू नाय गो ती," जुलेखाबी म्हणाल्या. "आपलीच भाषा हाय. आयक."

आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. अक्षरं उर्दू, पण तोंडातून येत होती खाडीकाठची, त्यांच्या घरातली बोली. कळायला मला काही अडचण पडली नाही. गावात मुलींना उर्दू शाळेत घालत आणि मुलांना मराठी शाळेत, त्यामुळे भाऊ-बहीण एकच भाषा बोलत, पण एकमेकांना चिठ्ठी लिहू शकत नसत. नवरा-बायकोचंही तेच. मुकादम लहानपणी कुराण वाचायला शिकले होते, पण ते स्वरांच्या खुणा दिलेलं, छापील. बायकोच्या हाताचं, खुणा नसलेलं धावतं लिखाण त्यांना लागत नसे. लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि तिच्या गोष्टी त्यांनी वाचलेल्या नव्हत्या. तिनेही कधी वाचून दाखवल्या नव्हत्या.

त्यानंतर नाझिया आली, कॉलेजला जायच्या वयाची, खांद्याला बॅग. तिने नाटक लिहिलं होतं. सुट्टीवर गावी निघालेलं एक कुटुंब, दोरीने बांधायचा कार्टन, एक वजनकाटा, आणि विमानाच्या मर्यादेत बसण्यासाठी त्यातून काय काय काढायचं यावरून दोन अंकी भांडण. नाटकातली माणसं घरच्याच भाषेत बोलत होती, मध्ये मध्ये इंग्रजी. पण लिहिलेलं होतं इंग्रजी अक्षरांत.

"तू मराठी वाचू शकतेस ना?" मी विचारलं.

"स्लोली, आंटी. व्हेरी स्लोली. डायलॉग इतक्या स्लो स्पीडने लिहिले तर माणसं मरून जातील."

एका शुक्रवारी मी त्यांच्या मुहर्रकच्या घरी गेले. जॉब कार्डावर तीन लेखकांच्या सह्या हव्या होत्या. दोन खोल्या. मुकादम इस्त्रीच्या टेबलाशी उभे राहून कविता नीट करत होते. त्यांना बसून सुचत नसे, स्टोअरमध्ये खुर्ची नव्हती म्हणून सवय. जुलेखाबी खाली चौरंगावर वही ठेवून लिहीत होत्या आणि मध्येच उठून मासे परतत होत्या. गॅलरीत नाझिया बापाचा आवाज काढून, मग आईचा, मग विमानतळावरच्या माणसाचा, संवाद म्हणून बघत होती. तिघांपैकी कोणी कोणाला काही विचारत नव्हतं. पण नाझियाने गॅलरीत एक वाक्य म्हटलं, "वजन कार्टनचा हाय, का आमचा?" आणि मुकादमांचं पेन थांबलं, जुलेखाबींचंही थांबलं, आणि दोघं पुन्हा लिहायला लागले.

मी सह्या न घेताच निघाले. दाराशी चपला घालताना मला आवाज करायची भीती वाटत होती. मी छापखान्यात काम करणारी बाई. पुस्तकं माझ्या हाताखालून रोज जात. ती जिथे होतात ती जागा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

भांडण प्रेसमध्ये झालं, माझ्याच टेबलाशी.

मुकादमांचं म्हणणं सरळ होतं. पुस्तक मराठी आहे, तर सगळं देवनागरीत हवं. जुलेखाने वाचून दाखवावं, मी टाइप करावं, नाझियाचं नाटकही तसंच. "मराठी पुस्तक उघडल्यावर मध्येच उर्दू अक्षरं निघाली तर लोक काय म्हणतील? कोण वाचणार ते?"

"माझ्या भैणी वाचतील," जुलेखाबी म्हणाल्या.

"त्यांना त्यांची मुलं वाचून दाखवतील की! सगळे मराठी शाळेत जातात."

जुलेखाबी त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे वळल्या. "शोभा, तू सांग गो. बायकांच्या गोष्टी हायत. बाळंतपणाच्या, नवऱ्याच्या, नको नको त्या. ह्या काय भैणीनी पोरांच्या तोंडानं आयकायच्या? पोर वाचंल आनी आई मान खाली घालून बसंल. तेच्यापेक्षा नको छापूस माझा काय."

"अगं, पण साहित्य म्हणून..."

"तुमचा साहित्य तुमी छापा," त्या म्हणाल्या. "मी माझ्या भैणींसाठी लिवलाय. तेना तेंच्या डोळ्यांनी वाचता आला पायजे. बस."

आणि वह्या पुन्हा पिशवीत गेल्या. नाझिया बापाला म्हणाली, "देन टेक माइन आउट टू," आणि आईच्या मागे निघून गेली. मुकादम कवितांचं प्रूफ हातात धरून उभे. त्यांना राग आला नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं की आपलं काय चुकलं. थोड्या वेळाने म्हणाले, "ताई, माझ्या एकट्याच्या कविता छापल्या तर किती पानं होतील?"

मी म्हटलं, "पातळ होईल."

जॉब कार्डावर मी ‘होल्ड’ लिहिलं. आमच्याकडे होल्डवरची कामं वेगळ्या ट्रेमध्ये ठेवत, आणि तो ट्रे मला सहन होत नसे. नाश्ता करतानाही तो डोळ्यांसमोर येई.

मार्ग सुचला तो काही मोठ्या बुद्धीने नाही. त्या आठवड्यात एका बँकेचा वार्षिक अहवाल छापून आला होता आणि मी नेहमीसारखी प्रत तपासत होते. बहरीनमधल्या कंपन्यांचे अहवाल दोन भाषांत असतात. इंग्रजी डावीकडून उघडतं, अरबी उजवीकडून, आणि दोन्ही मजकूर मधोमध येऊन भेटतात. डावीकडच्या वाचकाला आपलं मुखपृष्ठ मिळतं, उजवीकडच्याला आपलं. कोणाचंच मागच्या पानावर जात नाही, कारण अशा पुस्तकाला मागची बाजूच नसते. असे शेकडो अहवाल मी पास केले असतील. त्या दिवशी प्रत हातात उलटीसुलटी करत राहिले, आणि मग हिद्दला यार्डात फोन लावला.

मुकादम आले. मी त्यांना अहवाल दाखवला. "इकडून तुमच्या कविता. त्यांच्यामागे नाझियाचं नाटक, तिच्या अक्षरांत, तेही डावीकडूनच चालतं. तिकडून जुलेखाबींच्या गोष्टी. दोन मुखपृष्ठं. पहिलं कोण, हा प्रश्नच नाही."

त्यांनी बराच वेळ अहवाल चाळला. "चालेल," ते म्हणाले. "तिची हौस होऊ दे. वाचणार कोण हा प्रश्न राहतोच, पण चालेल."

आता पंचाईत झाली ती दुसरीच. आमच्या अरबी टाइप करणाऱ्याकडे जुलेखाबींची अर्धी अक्षरं नव्हती. ट नाही, ड नाही, आणि ‘डोळा’मधला ळ तर जुलेखाबींनी स्वतःच एक खूण करून लिहिलेला. तो जगातल्या कुठल्याच कॉम्प्युटरात नसणार. टाइप करणारा सुदानी माणूस हात जोडून म्हणाला, "सिस्टर, मफी, नाहीत. ही अक्षरं मफी." मी डोक्याला हात लावून बसले आणि समोर त्यांची वही उघडी होती. सरळ ओळी, एकसारखा उतार, कुठे खाडाखोड नाही.

मशीनला अक्षर कळत नाही, जे काळं असेल ते उमटतं, हे मी नवीन माणसाला पहिल्या दिवशी शिकवायचे. मग टाइप करायचंच कशाला? मी जुलेखाबींना जाड गुळगुळीत कागद, काळी शाई आणि निळ्या पेन्सिलीने आखलेली चौकट दिली. निळा रंग फिल्मवर येत नाही, त्यामुळे चौकट दिसणार नाही, फक्त त्यांचा हात दिसेल.

"म्हंजे जसा मी लिवीन तसाच छापनार?"

"जसंच्या तसं."

"तर चांगला लिवाय पायजे," त्या म्हणाल्या आणि बोटं पदराला पुसली.

त्यांनी सगळ्या गोष्टी पुन्हा लिहून काढल्या. नाझिया पानं घेऊन यायची, कडक पुठ्ठ्यात घालून. डार्करूमचा अनुभवी माणूस, पेशावरकडचे खानचाचा, पान दिव्यासमोर धरून म्हणायचे, "ये किस उस्ताद का हाथ है?" मी सांगितलं, मासे तळणाऱ्या बाईचा. त्यांना ते पटलं नाही.

आता परवानगी. बहरीनमध्ये तेव्हा पुस्तक छापायचं तर आधी सरकारी कचेरीतून मजकूर पास करून घ्यावा लागे आणि सोबत प्रत्येक भागाचा इंग्रजीत गोषवारा. अहवाल आणि कॅटलॉगचे गोषवारे लिहिण्यात माझा हात बसला होता, पण कवितेचा गोषवारा मी त्याआधी कधी केला नव्हता. ‘कवी स्टोअरकीपर आहे. तो नांगर मोजतो. राजकारण नाही.’ असं मी पानामागून पान लिहिलं. मुकादमांनी ते वाचलं आणि ते म्हणाले, "ताई, असं वाचलं तर मीसुद्धा माझं पुस्तक घेणार नाही."

परवानगीच्या खिडकीवर बसणारे जासिमसाहेब माझ्या ओळखीचे होते. जाड चष्मा, सावकाश काम. लेखकांना सहीसाठी समोर यावं लागे; नाझियासाठी वडिलांची सही चालणार होती, म्हणून मी मुकादम आणि जुलेखाबी दोघांनाही घेऊन गेले. कवितांवर त्यांनी नजर टाकली, गोषवारा वाचला, शिक्का मारला. नाटकाला शिक्का मारला. मग जुलेखाबींची पानं हातात घेतली आणि चष्मा वर केला.

"ये अरबी नहीं. उर्दू?"

"लिखाई उर्दू का, साब. भाषा मराठी."

"मराठी ऐसा लिखता है?"

"ये लिखता है," मी जुलेखाबींकडे बोट केलं.

जासिमसाहेबांच्या घरात आजोबांपासून फारसी बोलली जायची, त्यामुळे आमच्या टाइप करणाऱ्याला नडलेली च आणि प त्यांना येत होती. त्यांना उत्सुकता वाटली असावी. त्यांनी पान जवळ धरलं आणि एक एक शब्द लावत मोठ्याने वाचायला लागले. अर्थ एकाही शब्दाचा माहीत नाही. अडखळले की जुलेखाबी खिडकीच्या या बाजूने हळूच शब्द पुरवायच्या आणि ते तो पुन्हा म्हणायचे, शाळेतल्या मुलासारखे, मान हलवून.

"तो... आयलो. आपल्याच... घराची..."

"कडी."

"कडी. कडी वाजवलान. मी दार... उघडलंय. तो वायना हातात..."

"वहाना."

"वहाना हातात घेऊन उभो. पाव... पावन्यावानी. मी तेला पावन्याच्या पेल्यात पानी दिलंय."

बहरीनी माणसाच्या घोगऱ्या आवाजात दापोलीची खाडी. मी हसणार होते. तेवढ्यात माझं लक्ष मुकादमांकडे गेलं आणि माझं हसू तिथेच राहिलं.

ते खिडकीच्या कठड्याला हात लावून उभे होते. बायको गावीच राहत असताना दोन-दोन वर्षांनी सुट्टीवर जाणाऱ्या नवऱ्याची ती गोष्ट होती. त्यांनी घराच्या आठवणीवर कवितांमागून कविता लिहिल्या होत्या आणि घराने त्यांना कसं पाहिलं हे ते आता ऐकत होते, अशा माणसाच्या तोंडून ज्याला त्यातलं काहीच कळत नव्हतं.

"वाजवली होती मी," ते अगदी हळू म्हणाले. "कडी."

"दर खेपेला," जुलेखाबी म्हणाल्या. समोरच्या पानावरची नजर त्यांनी हलवली नाही.

जासिमसाहेब थांबले. "क्या बोला इसमें? मतलब?"

मी माझ्या बहरीनी हिंदीत सांगितलं. नवरा परदेशातून आला, स्वतःच्या घराची कडी वाजवली, पाहुण्यासारखा उभा राहिला, बायकोने त्याला पाहुण्यांच्या पेल्यात पाणी दिलं. जासिमसाहेबांनी ते सगळं नीट ऐकून घेतलं. मग मुकादमांकडे बघून गंभीरपणे विचारलं,

"पानी पिया?"

"पिया, साब," मुकादम म्हणाले.

जासिमसाहेबांनी शिक्का उचलला, शाईत दाबला आणि पानावर ठेवला. नेहमी आपटायचे. त्या दिवशी ठेवला. "छपेगा तो एक किताब मेरे को," ते म्हणाले. "आगे क्या हुआ, पढ़ना है."

बाहेर उन्हात आम्ही गाडीची वाट बघत उभे राहिलो. मग मुकादम मला म्हणाले, "ताई, माझ्या घराच्या कविता काढून टाकायच्या. प्लेट झाली नसेल ना?"

"नाही झाली. पण का?"

"खोट्या आहेत."

जुलेखाबी त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "ठेवा गुमान. खोट्या नायत त्या. अर्ध्या हायत."

मुकादम हसले. इतक्या दिवसांत मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. "यल्ला, चला," ते म्हणाले, "अर्ध्या तर अर्ध्या," आणि बायकोच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली.

अशा अहवालांत दोन मजकूर जिथे भेटतात तिथे आम्ही एक कोरं पान घालतो, म्हणजे वाचक गोंधळत नाही. मुकादमांनी ते काढायला लावलं. त्यामुळे छापलेल्या पुस्तकात नाटकाचं शेवटचं पान आणि गोष्टींचं शेवटचं पान समोरासमोर आली. डावीकडे नाझियाचं कुटुंब अजून वजनकाट्यावर भांडतंय आणि उजवीकडे तिच्या आईचा हात. बाइंडिंगमधला बंगाली कारागीर मला विचारायला आला, "आपा, इसका सीधा बाजू कौन सा?" मी म्हटलं, दोन्ही. तो म्हणाला, मग चुकायची भीतीच नाही.

पुस्तक वेळेत झालं. जुलेखाबी सुट्टीवर गेल्या तेव्हा कार्टनमध्ये तेच होतं, आणि नाझियाने म्हणे त्यासाठी आपले दोन ड्रेस काढून ठेवले. मराठी मंडळात नाटक झालं. तिच्या वयाच्या पोरांनी केलं, अर्धे संवाद इंग्रजीत घसरले आणि तरी मागच्या रांगेतली माणसं हसता हसता डोळे पुसत होती. प्रत्येकाने तो कार्टन बांधलेला होता. मुकादमांच्या कवितांवर मायदेशातल्या एका मराठी मासिकात चार ओळी आल्या. परीक्षणात लिहिलं होतं, पुस्तकाचा उत्तरार्ध अनाकलनीय लिपीत असल्याने त्यावर भाष्य करता येत नाही. मुकादमांनी ते कात्रण मला दाखवलं आणि ‘उत्तरार्ध’ या शब्दावर पेनाने रेघ मारली.

मला एक रुखरुख आहे. पुढे सगळं कॉम्प्युटरवर आलं, प्रेस हलली, जुन्या फिल्म विकून टाकल्या. त्यात या पुस्तकाचीही गेली. माझ्याकडे एक प्रत आहे आणि तिच्या अर्ध्या भागाचं एकही अक्षर मला वाचता येत नाही. शिकेन म्हणत होते. यादीत होतं. आजही जेव्हा ती उजवीकडून उघडते तेव्हा ओळींवरून बोट फिरवते आणि थक्क होते, की या बाईने कोणाला विचारून लिहिलं नाही, कोणासाठी लिपी बदलली नाही, आणि तरी एका अनोळखी कचेरीत तिचा नवरा तिच्यापर्यंत पोचला.

पण तिला पोचायचं होतं ते बहिणींपर्यंत. ते झालं की नाही, हे आम्हाला बऱ्याच दिवसांनी कळलं. तेव्हा गावाकडून पत्रापेक्षा कॅसेट यायच्या. कोणी येणारा-जाणारा असला की घरचे सगळे टेपसमोर बसून बोलायचे आणि ती कॅसेट त्याच्या हाती द्यायचे. एका दुपारी जुलेखाबी अशीच एक कॅसेट घेऊन प्रेसमध्ये आल्या. "तू छापलंस, म्हनून तुला आयकवते," म्हणाल्या. डार्करूममध्ये खानचाचांचा टेप होता. त्यांनी तो आणून दिला आणि दार लोटून घेतलं.

सुरुवातीला नेहमीचं. तब्येत, पाऊसपाणी, कोणाचं लग्न ठरलं. मग मोठ्या बहिणीचा आवाज, सावकाश, एका लयीत. ती वाचत होती. आजूबाजूला बायकांचे हुंकार, मध्येच बांगड्या, मध्येच कोणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळ्या हसल्या. मग एका मुलाचा आवाज आला, "मोठी अम्मा, काय वाचताव? मना दाव."

"तुला नाय कळायची. जा भायेर, खेळ जा."

"मना मराठी वाचता येता!"

"म्हनूनच जा," ती म्हणाली, आणि टेपमध्ये बायका पुन्हा हसल्या. कोणीतरी पुरुष खाकरला. "आनी तुमी पन जावा हो जरा. हां. दार ओढून घ्या."

पावलं दूर गेली. मग तिने वाचायला पुन्हा सुरुवात केली, पण आता आवाज अगदी खाली आणून, इतका की मला नुसती कुजबुज ऐकू येत होती. मी टेपचा आवाज वाढवायला हात पुढे केला.

जुलेखाबींनी माझा हात धरला. "ऱ्हाऊंदे गो," त्या म्हणाल्या. "तेना तेंचा वाचूंदे."

आणि त्यांनी टेप बंद केला.